हवेच्या बोटीला इंजिन घेताय? एचपीच्या आधी वजन मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चिकोडीकडचे, २.९ मीटरची हवा भरायची बोट घेतलीय, बोटीवरच्या पाटीवर जास्तीत जास्त ६ एचपी असं लिहिलंय, तुम्ही, मेहुणे आणि त्यांचा मोठा पोरगा असे तिघं हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जाणार, आणि अडीच एचपी घ्यावं, सहा घ्यावं का बॅटरीवरचं घ्यावं हे ठरत नाहीय. शेवटी असंही लिहिलंय की कृष्णेला पूर आला तर गावाला पण उपयोगी पडेल. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यामुळंच मी एवढं लांब लिहायला बसलोय, पण त्याच्यावर मग येतो.

आधी माझं थोडं सांगतो. मी सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला. फौजेत आम्ही या इंजिनाला ओबीएम म्हणायचो, आउटबोर्ड मोटर, आणि माझी निम्मी नोकरी ओबीएम उघडण्यात आणि जोडण्यात गेली. आता बेळगावात उद्यमबागेत पंप आणि जनरेटर दुरुस्तीचं काम करतो, आणि वर्षाला पाच-सहा तरी ओबीएम हातातनं जातातच, कुणी गोव्याहून जुनं आणतंय, कुणी ऑनलाइन मागवतंय आणि चालत नाही म्हणून घेऊन येतंय.

जो येतो तो पहिलं विचारतो किती एचपी. मी विचारतो वजन किती. तुमचंच धरू. तिघं माणसं सरासरी ७५ किलो म्हणजे २२५, बोट फळीसकट ३५ च्या आसपास, इंजिन, पेट्रोल, नांगर, डबा, पाणी, गळाचं सामान मिळून ५० धरा. झालं ३१० किलो. आता बोट दोन प्रकारे चालतीय. एक म्हणजे पाणी ढकलत ढकलत, आणि दुसरी म्हणजे नाक उचलून पाण्यावर सरकत, त्याला प्लेनिंग म्हणतात. पाणी ढकलत चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीनं वेगाची मर्यादा घातलेली असते, पाण्यात बसलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं, उत्तर नॉट्समध्ये येतं. तुमच्या बोटीची पाण्यातली लांबी ८ फूट धरली तर ३.८ नॉट, म्हणजे ताशी ७ किलोमीटर. एवढंच. त्याच्या पुढं इंजिन कितीही ओरडलं तरी बोट मागं बसते, नाक वर करते, लाट मोठी काढते आणि पेट्रोल पिते.

ती मर्यादा फोडून प्लेनिंगला यायचं तर अनुभवाचा हिशोब असा की एका एचपीमागं २० ते २५ किलोच्या वर वजन नको. ३१० किलोला म्हणजे १२ ते १५ एचपी लागतंय. तुमच्या बोटीला ६ च्या वर लावायचंच नाही, मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात ती, आणि तिचा गोंद तेवढ्यासाठी केलेलाच नाही. मग काय झालं, तिघं बसल्यावर अडीच लावा नाहीतर सहा लावा, बोट ताशी सात-आठनंच जाणार. सहाचा खरा फरक कधी दिसतो तर तुम्ही एकटे बसलात की, ७५ अधिक ३५ अधिक इंजिन-सामान मिळून दीडशेच्या आत, म्हणजे एचपीला २५ किलो, तेव्हा ती कशीबशी उचलते. आणि दुसरा फरक समोरून वारा असला की.

हा वाऱ्याचा मुद्दा लोक सोडून देतात म्हणून जरा थांबून सांगतो. हवेची बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेला फुगा. लाकडी नाव पाण्यात बसलेली असते, ही वर बसते, त्यामुळं वारा तिला जिथं ढकलेल तिथं ती जाते. हिडकलला सकाळी सातला पाणी आरशासारखं असतंय, तुम्ही आरामात चार किलोमीटर आत जाता, आणि दुपारी दोन-तीनला पश्चिमेचा वारा सुटला की लाट उभी राहते. तुम्ही गाडी पूर्वेकडच्या काठाला लावली असेल तर परत येताना वारा मागनं, बरं आहे. पण पश्चिमेकडच्या काठावरनं उतरला असाल तर परतीचे चारही किलोमीटर वारा तोंडावर. इंजिन घेताना त्या परतीचा विचार करून घ्यायचं, सकाळच्या शांत पाण्याचा नाही. अडीच एचपीला तेव्हा बोट ताशी तीन-चारवर येते पण येते. बारीक ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवरची छोटी मोटर, असली तर तुम्ही जागच्या जागी उभे राहता आणि बॅटरी संपते.

आणखी एक, आपण समुद्रावर नाही. हिडकलचं भरलेलं पाणी समुद्रसपाटीपासून ६६० मीटरच्या आसपास आहे. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे आपल्याकडं सहा-साडेसहा टक्के गेलेच. अडीचचं तुम्हाला २.३ च्या जवळपास मिळतंय. फार मोठी गोष्ट नाही पण मालवणात कुणाचं तरी अडीच मस्त पळतंय बघून घेणार असाल तर लक्षात असू द्या.

आता उचलायचं वजन. चारस्ट्रोक अडीच एचपी १४ ते १७ किलोत येतंय, साडेतीन १८ च्या आसपास, आणि पाच-सहा एचपी एकदम २४ ते २७ किलो. कागदावर दहा किलोचा फरक काय वाटत नाही. तर तुम्ही असं करा, घरी २० लिटरचा पाण्याचा जार येतो ना, तो भरलेला एका हातात धरून दोनशे पावलं चाला, रस्त्यावर नाही, नांगरलेल्या रानातनं. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून तो जार हलत्या बोटीच्या मागच्या फळीच्या वर उचलून धरा. हे जमलं आणि परत करावंसं वाटलं तर सहा घ्या. कारण धरणाचं पाणी वर्षभर एका जागी नसतंय. ऑक्टोबरात गाडी पाण्याला टेकते, आणि एप्रिलमध्ये त्याच जागेवरनं पाणी कुठल्याकुठं मागं सरकलेलं असतंय, मध्ये भेगाळलेला गाळ, वरनं सुकलेला वाटतो आणि पाय ठेवला की घोट्याच्या वर आत. मी लोकांना सहाचं इंजिन दोन मोसम वापरून विकताना बघितलंय, इंजिन चांगलं असूनसुद्धा, फक्त नेआणीचा कंटाळा म्हणून.

माझं मत सरळ सांगतो. तिघं जाणार, पल्ला मोठा आणि वारा असतोय, म्हणून साडेतीन चारस्ट्रोक बघा. ते नाही मिळालं तर अडीच. सहा तेव्हाच घ्या जेव्हा तुम्ही बहुतेक वेळा एकटे जाणार, रोज आठ-दहा किलोमीटर मारणार आणि उचलायला दुसरा माणूस कायम असणार. सहाची एक चांगली गोष्ट म्हणजे त्याला बाहेरची टाकी लावायची सोय बहुतेक मॉडेलला असते. अडीच-साडेतीनच्या डोक्यावर लिटर-सव्वा लिटरची टाकी असते, फुल थ्रॉटलवर तास-सव्वा तासात खलास. मधी भरावं लागलं तर काठाला जायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं आणि मग भरायचं. हलत्या बोटीत गरम इंजिनावर नरसाळं धरून पेट्रोल ओतताना पेट घेतलेला एक प्रकार मी बघितलाय, माणूस वाचला, हात भाजले. पेट्रोलचा डबा छोटा, पाच लिटरचा, आणि पुढच्या बाजूला बांधलेला.

शाफ्टची लांबी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. बाजारात छोटा शाफ्ट १५ इंची आणि लांब २० इंची असतो. बोट फुगवून मागच्या फळीची उंची टेपनं मोजा, वरच्या कडेपासून तळापर्यंत, तुमच्या बोटीला १५ च्या जवळ येईल. इंजिन लावल्यावर प्रोपेलरच्या वर जी आडवी पत्री असते ती बोटीच्या तळाच्या बोटभर खाली पाहिजे. ती वर राहिली तर प्रोपेलर हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. फार खाली गेली तर पाणी अडतं आणि हिडकलमध्ये तर इंजिनाचा पायच अडकतो, कारण तिथं तळाला नुसती माती नाही. धरणात गावं गेलीत, उन्हाळ्यात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतंय ते तुम्ही बघितलंच असेल, तसल्या जुन्या भिंती, बांध, झाडांची खोडं पाण्याखाली वीतभर असतात आणि वरनं काही दिसत नाही.

म्हणूनच शिअर पिन. लहान इंजिनांत बहुतेक वेळा प्रोपेलर आणि शाफ्टच्या मध्ये एक बारीक पिन असते, प्रोपेलर दगडाला लागला की ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. तुटायसाठीच ती केलेली. एकजण माझ्याकडं इंजिन घेऊन आला, पिन सारखी तुटतीय म्हणून त्यानं कडक स्टीलच्या बोल्टचा तुकडा कापून घातलेला, आणि पुढच्या दगडाला पिन काय तुटली नाही, खालचा गिअर तुटला. तो गिअर मागवायला दीड महिना गेला. दोन पिना आणि दोन कॉटर पिना पक्कडीसकट एका छोट्या डबीत घालून बोटीलाच बांधून ठेवा. पिन संपली तर उद्यमबागेत टर्नर करून देतोय, पण त्याला जुनी पिन दाखवा आणि त्याच मापाची, तसल्याच मऊ धातूची सांगा.

कूलिंगचं बघताना दोन प्रकार. होंडाचं २.३ एचपी हवेवर थंड होतंय, पाणी आत घेतच नाही. सुझुकी, यामाहा, टोहात्सू यांची छोटी चारस्ट्रोक पाण्यावर थंड होतात, खालनं पाणी ओढतात आणि मागनं बारीक पिचकारी मारतात. हवेवालं आवाज जास्त करतं, कानाजवळ असतंय त्यामुळं दिवसभर बसलं की डोकं जड होतं, पण गढूळ पाणी, जलपर्णीची मुळं, शेवाळ याचं त्याला काही देणंघेणं नाही. पाण्यावालं शांत चालतं पण त्याच्या आत इम्पेलर नावाचं रबराचं फूल असतंय, ते गाळानं झिजतं आणि कोरडं फिरवलं तर मिनिटाभरात जळतं. म्हणून घरी टेस्ट करायचं तर अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम घ्या, फळीला इंजिन अडकवा, खालचा भाग पाण्यात बुडवा आणि मगच रस्सी ओढा. चालू असताना दर पाच मिनिटांनी मागं वळून पिचकारी बघायची सवय लावा. थांबली की इंजिन लगेच बंद, इंजिन वर तिरकं करून खालच्या जाळीला काय चिकटलंय बघा, दहातल्या नऊ वेळा दुधाच्या पिशवीचा तुकडा नाहीतर मूळ निघतं. इम्पेलर दोन वर्षाला बदला आणि एक जास्तीचा इंजिनाबरोबरच मागवून ठेवा, कारण तो बेळगावात दुकानात जाऊन मिळत नाही, सगळा माल किनाऱ्यावरनं येतो. मला विचाराल तर गोड्या गढूळ पाण्यात, दोघं जाणार असाल तर मी हवेवालं सुद्धा डोळे झाकून घेईन.

होंडाच्या २.३ ला गिअरचा दांडा नाही, स्कूटरसारखा क्लच आहे, थ्रॉटल सोडला की प्रोपेलर थांबतो. बाकीच्यांना फॉरवर्ड आणि न्यूट्रल असतं. छोट्या इंजिनांत रिव्हर्स शोधत बसू नका, बहुतेकांना इंजिनच गोल फिरवून मागं जायचं असतंय, दोन दिवसात हात बसतो.

बॅटरीवरचं. गळ टाकणाऱ्याला आवाज नको असतो हे मला कळतंय, आणि शांत लहान तलावात एक-दोघांसाठी ट्रोलिंग मोटर उत्तमच आहे. पण हिशोब बघा. ५५ पाउंड जोरानं ढकलणारी १२ व्होल्टची मोटर फुल स्पीडला ५० अँपिअर खाते. १०० एएचची साधी लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे तुम्हाला तासभर मिळाला, आणि तिघांना घेऊन वेग ताशी चार-पाच. काहीजण घरातली इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी काढून बोटीत ठेवतात, ती ५० किलोच्या वर असते आणि तिच्यात ॲसिड असतंय, हवेच्या बोटीत ती कधीही ठेवू नका. लिथियम फॉस्फेटची १०० एएच १२ किलोच्या आसपास येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, घ्यायची तर ती घ्या. टॉर्कीडो, ईप्रोपल्शन यांच्या एक किलोवॅटच्या मोटरी चांगल्या आहेत, बॅटरीसकट १५ ते २० किलोत बसतात, पण फुल सोडलं की तास-सव्वा तासच, पल्ला हवा असेल तर निम्म्या स्पीडला चालवायच्या. तुमचा चार किलोमीटरचा पल्ला आणि तो दुपारचा वारा बघता मी तुम्हाला एकट्या बॅटरीवर जा असं म्हणणार नाही. पेट्रोलचं मुख्य ठेवा, जमलं तर पुढंमागं छोटी मोटर जोडीला, जागेवर गेल्यावर हळूहळू सरकायला.

ऑनलाइन ती ५२ सीसीची टूस्ट्रोक इंजिनं दिसतात, स्वस्त, वर साडेतीन-चार एचपी लिहिलेलं. ते गवत कापायच्या मशीनचंच इंजिन आहे, आपल्या रानात चालतंय तेच, आणि त्याची ताकद दोन एचपीच्या आसपास. प्लग, कार्बोरेटर, रस्सी सगळं बेळगावात मिळतं हा त्याचा मोठा फायदा आणि तो मी मान्य करतो. पण ते शेतात बंद पडलं तर माणूस घरी चालत येतो. काठापासनं अर्ध्या किलोमीटरच्या पुढं त्याच्या भरवशावर जाऊ नका.

जुनं घ्यायचं म्हणाल तर चोर्ल्याच्या घाटानं गोवा जवळ, कारवार-वेंगुर्ला पण लांब नाही, त्यामुळं मच्छीमारांची यामाहाची टूस्ट्रोक आपल्याकडं येतात. टूस्ट्रोक हलकं आणि साधं, दुरुस्तीला सोपं, तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं, सर्वसाधारण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. मी स्वतः टूस्ट्रोकवर वाढलोय. पण ते खाऱ्या पाण्यातलं असतंय हे विसरू नका. बघायला जाताना एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. कव्हर काढून आतले बोल्ट पांढरे फुललेत का बघा. खालच्या गिअरचा स्क्रू थोडा सैल करा, तेल दुधासारखं आलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय. रस्सी हळू ओढा, एका जागी जोर लागून मग सुटली पाहिजे, गुळगुळीत सरकत आली तर कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन डावीकडं उजवीकडं फिरवून बघा, जाम असेल तर सोडून द्या. आणि दहा मिनिटं पाण्यात चालवून पिचकारी किती जोरात येते आणि कोमट येते का कढत येते ते हाताचं बोट लावून बघा, कढत आली तर आतल्या वाटा मिठानं बुजल्यात. केरोसीनवर चालणारं कुणी दाखवलं तर स्वस्त असलं तरी नको, ते दिवसभर एका स्पीडला पळणाऱ्या मच्छीमारांसाठी आहे.

आता पेट्रोल, कारण माझ्याकडं येणाऱ्या दहा इंजिनांतली सात यानंच आलेली असतात. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतंय, आणि बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलबरोबर खाली बसतं, आणि छोट्या इंजिनाच्या कार्बोरेटरचं जेटचं भोक केसाएवढं, ते बुजलं की संपलं. त्यामुळं पेट्रोल त्या दिवसापुरतंच न्यायचं. परत आल्यावर टाकी रिकामी करून ते गाडीत ओता, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि मग कार्बोरेटरच्या वाटीखाली जो छोटा स्क्रू आहे तो सैल करून उरलेले चार थेंब पण काढा. नुसतं बंद पडेपर्यंत चालवून भागत नाही, वाटीत थोडं राहतंच आणि तेच सुकून चिकट होतं. पावसाळ्याचे चार महिने इंजिन ठेवणार असाल तर हे केलंच पाहिजे. रबरी नळी मोसमाला एकदा बोटानं दाबून बघा, फुगलेली किंवा भेगाळलेली असली तर दोन रुपयांचा विचार न करता बदला.

गाडीच्या डिकीत इंजिन आडवं कसं ठेवायचं यानं पण घात होतो. चारस्ट्रोकच्या पोटात तेल असतंय. मागच्या हिवाळ्यात खानापूरकडचा एक पोरगा नवीन इंजिन घेऊन आला, दोनदाच वापरलेलं, रस्सी अर्धी येते आणि भिंतीला बांधल्यासारखी अडते म्हणाला. वडील म्हणत होते जोर लाव. मी म्हणलं थांबा, हात लावू नका. प्लग काढला तर प्लगचं टोक तेलानं ओलं, काळं नाही, स्वच्छ मधासारखं तेल. भोकावर फडकं धरलं आणि रस्सी अगदी हळू ओढली, तर फडक्यातनं तेल बाहेर आलं, तीन-चार चमचे असेल. चुकीच्या कुशीवर झोपवून आणलेलं, ते सगळं तेल सिलिंडरमध्ये उतरलेलं, आणि तेल दाबलं जात नाही, जोर लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. प्लग पुसून, तेलाची लेव्हल भरून चालू केलं, पाच मिनिटं निळा धूर आला आणि मग घड्याळासारखं चाललं. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. कुठल्या कुशीवर ठेवायचं ते इंजिनावर चित्र चिकटवलेलं असतंय किंवा पुस्तकात असतंय, प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते बघा आणि त्या बाजूला पेंटनं मोठा बाण काढून ठेवा.

बोटीत बसताना मागं जड होऊ देऊ नका. चालवणारा मागं, इंजिन मागं, टाकी मागं, पुढं कोणी नाही, असं झालं की नाक वर येतं आणि वारा खालनं शिरला तर हलकी बोट उलटते सुद्धा. एकटे असाल तर हँडलवर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा लावा आणि मध्ये येऊन बसा. इंजिनाचे दोन्ही स्क्रू हातानं गच्च आवळायचे, अर्ध्या तासानं परत आवळायचे, आणि इंजिनाला एक वेगळी दोरी बोटीला बांधायची, धरणाच्या तळाला गेलेलं इंजिन कोणी काढून देत नाही.

लाल दोरी, किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, ती मनगटाला नाहीतर लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय रस्सी ओढायचीच नाही. माणूस ट्यूबवर बसलेला असतो, लाट येते, तो मागं पडतो, हँडल सुटून एका बाजूला वळतं आणि बोट त्याच्याच भोवती गोल गोल फिरायला लागते, प्रोपेलर चालू. पोहता येणाऱ्याचा पण इलाज चालत नाही. तिघांना तीन जॅकेट, घातलेली, सीटखाली ठेवलेली नव्हे, आणि दोन वल्ही कायम.

परवानगीचं पण बघा, हिडकल कर्नाटकच्या नीरावरी निगमच्या, म्हणजे पाटबंधारेवाल्यांच्या, ताब्यात आहे आणि मासेमारीचे हक्क मत्स्य खात्याकडनं असतात, इंजिन लावून उतरायच्या आधी दोन्हीकडं विचारून लेखी घ्या. राकसकोप बेळगावकरांचं पिण्याचं पाणी आहे, तिथं इंजिनाचा विचारच नको.

आता पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चार माजी सैनिक कृष्णाकाठी मदतीला गेलेलो. कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली, दूधगंगा आणि कृष्णा मिळतात तिथं काठ कुठला आणि रान कुठलं ओळखू येत नव्हतं, उसाचे नुसते शेंडे हलताना दिसायचे. आमच्या बोटीला २५ एचपी होतं. उसाच्या रानावरनं जाताना इंजिन एकदम घुसमटलं आणि बंद पडलं. वर उचललं तर प्रोपेलरला ठिबकची काळी नळी गुंडाळलेली, एक-दोन वेढे नव्हेत, दोरीचं बंडल करतात तशी, दातानं सुटेना इतकी आवळलेली. एकजण चाकूनं कापत होता, दोघं वल्ही मारून बोट धरत होते, आणि त्या तीन-चार मिनिटांत आम्ही शंभर-दीडशे मीटर खाली गेलो, समोर विजेचा खांब, तारा पाण्याला टेकलेल्या. लाइन बंद आहे हे आम्हाला आधी विचारून माहीत होतं म्हणून मी आज लिहितोय.

हिशोब बघा दादा. पुराचं पाणी सेकंदाला नुसतं २ मीटर धरलं तरी ते ताशी ७.२ किलोमीटर होतं. वर तुमच्या बोटीचा वेग काढला तो ताशी ७. म्हणजे फुल थ्रॉटलला तुम्ही पाण्यात जागच्या जागी उभे, आणि इंजिन एक ठोका चुकलं की मागं. काठावर उभं राहून स्वतः मोजा, दहा मीटर अंतरावर दोन खुणा करा, वर काटकी टाका आणि सेकंद मोजा. पाच सेकंदात गेली तर तेच दोन मीटर झाले. मुख्य धारेत काटकी त्याच्या आधीच जाते. एनडीआरएफ आणि फौज मोठी इंजिनं घेऊन येते, जोडीला दुसरी बोट असते, दोर असतात, आणि ती माणसं वर्षभर हेच शिकत असतात. तुमच्या बोटीत घरातली माणसं बसवून धार ओलांडायला जाऊ नका, कुणी हात जोडले तरी जाऊ नका. मला माहीत आहे पलीकडं म्हातारी अडकलीय असं कळलं की थांबवत नाही, मी त्या गावांत हे बघितलंय. गावासाठी काही करायचंच असेल तर पाणी फार चढायच्या आधी करा, धार नसलेल्या पाण्यात वस्तीतली म्हातारी माणसं, बाळंतीण, औषधं हलवा, इंजिन वर उचलून, वल्ह्यांनी, कमरेएवढ्या पाण्यात दोन माणसं बोट धरून चालत, आणि लाइन बंद केल्याची खात्री झाल्यावर. तेवढ्याला बोट फार कामाची आहे आणि इंजिन लागतच नाही.

इंजिन घेतलंत की पहिले दहा तास फुल थ्रॉटल मारू नका आणि त्यानंतर पहिलं तेल बदला. घ्यायच्या आधी मागच्या फळीची उंची, फळीची जाडी आणि बोटीवरच्या पाटीचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो कुठलं बसेल. आणि तो जार उचलून बघितलात की तेही कळवा.